सोन्याला तोळा, दोऱ्याला काय?

आमच्याकडं कुणी लेकीला दागिना केला की बायका आधी विचारतात, "किती तोळं भरलं?" गाठवला कुणी, हे कुणी विचारत नाही. पण सुटे मणी म्हंजे दागिना नव्हे. बोरमाळ असो, पुतळ्यांची माळ असो की मंगळसूत्र, मणी सोनार घडवतो आणि दागिना पटवेकरी करतो. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवायचं, पीळ द्यायचा, गोफ विणायचा, मणी ओवून गाठ मारायची, शेवटी गोंडा. गाठ अशी बसली पाहिजे की गळ्याला टोचू नये आणि वर्षानुवर्षं सुटू नये. सराफ गादीवर, पटवेकरी बाहेर पायरीवर. आत लाखाची पावती मुकाट घेणारा माणूस पायरीवर दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो.

तीच गत बँडवाल्याची. सुपारी देताना घासाघीस, वरातीत "अजून एक होऊ द्या", आणि पैसे द्यायची वेळ आली की नवऱ्याचा बाप गायब. कामापुरता मामा! ट्रम्पेट वाजवणं म्हंजे बटण दाबणं नव्हे. उन्हात चालत छातीतला वारा पितळेत भरावा लागतो. पुढचे दात पडले की त्या माणसाचा धंदा बसला. चातुर्मासात लग्नं नाहीत. गणपतीचे दिवस सोडले तर लाल कोट खुंटीला आणि माणूस आपल्याच रानात भांगलायला.

डीजेवाल्याशी मात्र घासाघीस नाही, त्याला पैसे आगाऊ. सन 2000 च्या नियमानं वस्तीत दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर कर्णा वाजवायला बंदी आहे. इकडं भिंती हादरतात, गोठ्यातली जनावरं दावी तोडतात, म्हातारी माणसं छाती धरून बसतात. यंत्राला मान, माणसाच्या छातीला नाही!

कुणी म्हणेल, "काळ बदलला. त्यांचीच पोरं आता हे करत न्हाईत." खरं हाय, आणि बरं करतात. बाजा वाजवणारे बरेचसे मातंग, होलार समाजातले. त्यांचा सूर दारात हवा, पण पंगत वेगळी, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. त्यांच्या पोरांनी शिकून साहेब व्हावं. कला टिकावी म्हणून दुसऱ्यानं उपाशी राहावं, असं म्हणणारा शहरातला परंपरावालाही मला तेवढाच लबाड वाटतो. सवाल उद्याच्या पोरांचा नाही. आज जो वाजवतोय, आज जो गाठवतोय, त्याचा आहे.

आपण शेतकरी रस्ता अडवून काय मागतो? उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव. घरच्या माणसांचे कष्टही हिशेबात धरा म्हणतो. रास्तच आहे. मग गोफावर गेलेले तास आणि वरातीत आटलेला दम कुठल्या हिशेबात धरायचा? स्वतःच्या घामाला भाव मागणाऱ्यानं दुसऱ्याचा घाम फुकट समजू नये.

यासाठी सरकार नको, अनुदान नको. सुपारी कागदावर लिहा. निम्मे पैसे आगाऊ द्या, उरलेले वरात दारात पोचायच्या आधी. जेवण आपल्याच पंगतीत. आणि सराफाच्या पावतीवर गाठवण्याची मजुरी वेगळी लिहून मागा, ती पायरीवरच्या हातात पडते का तेही बघा. एवढं जमत नसेल, तर लेकीच्या गळ्यातली गाठ मिरवू नका.