विश्लेषण : घाटात ट्रकचा ‘ब्रेक फेल’ खरंच अचानक होतो का?

बाळकुम नाक्यावर वाहने जागची हलेनाशी झाली, की ठाणेकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला अंदाज ठरलेला असतो : पुढे कुठेतरी ट्रक बंद पडलाय. अपघात झाला असेल, तर आणखी दोन शब्द येतात, ‘ब्रेक फेल’. हे दोन शब्द ऐकले की घटना अचानक घडली असे वाटते. प्रत्यक्षात जुन्या डिझेल ट्रकचे ब्रेक आणि गिअर बहुतेकदा आधी सूचना देतात. त्या कशा ओळखायच्या?

बाळकुमलाच याचा फटका का बसतो?

कापूरबावडीहून एक रस्ता घोडबंदरमार्गे गायमुख घाटाकडे जातो, तर दुसरा बाळकुम, कशेळी, काल्हेर करत भिवंडीच्या गोदामांकडे. घाटात चढ-उतार आणि वळणे आहेत. भिवंडीच्या रस्त्यावर खाडीपूल आणि मेट्रोची कामे आहेत. अशा ठिकाणी एक ट्रक आडवा राहिला, तर बाजूने वाट काढायला जागा उरत नाही.

हवा गेली तर ट्रक पळतो की थांबतो?

मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिनवरचा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो. दाब साधारण ७ ते ८ बार असतो. स्प्रिंग ब्रेक असलेल्या ट्रकमध्ये पार्किंगसाठी मागच्या चाकांवर दणकट स्प्रिंग असते आणि हवेचा दाब तिला मागे रेटून ठेवतो. हवा संपली की स्प्रिंग सुटते आणि चाके जाम होतात. म्हणजे हवा गळणारा असा ट्रक सहसा पळत नाही, तो भररस्त्यात अडकून बसतो. टोइंग व्हॅन आली तरी चाके मोकळी करण्यात वेळ जातो, तो यामुळेच.

मग उतारावर ब्रेक का लागत नाहीत?

त्याचे मुख्य कारण उष्णता. १६ टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरतो, तेव्हा सुमारे ५० लिटर पाण्याला उकळी येईल एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. चालक सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरला, तर ती सगळी लायनर आणि ड्रममध्ये जाते. तापलेला लायनर नीट पकड घेत नाही. तापलेला ड्रम फुगतो, त्यामुळे लायनरला अधिक अंतर सरकावे लागते. स्लॅक अ‍ॅडजस्टर आधीच ढिला असेल, तर पेडल पूर्ण दाबूनही ब्रेक लागत नाही. अशा वेळी मीटरवर हवा पुरेशी दिसत असते.

गिअरचा यात काय संबंध?

उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनच ट्रकला रोखून धरते. एक्झॉस्ट ब्रेक असेल, तर ही रोख वाढते. पण क्लच घसरत असेल किंवा गिअर आपोआप सुटत असेल, तर ही साखळी तुटते आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो.

डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारे चालकही हेच करतात. यात बचतही होत नाही. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनला होणारा डिझेलपुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल लागतेच. आणि इंजिन बंद केले, तर कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगही बंद. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. सुरुवातीला ‘ब्रेक फेल’ची चर्चा झाली. नंतर पोलिसांनी सांगितले, की चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते. जुलै २०२३ मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे जिल्ह्यातील पळासनेर येथे अनियंत्रित कंटेनर हॉटेलात घुसला. त्यात किमान दहा जणांचा जीव गेला.

ब्रेकचा बिघाड आधी कसा ओळखायचा?

चाकांना लाकडी ठोकळे लावून, टाक्या भरल्यावर इंजिन बंद करावे. काटा काही मिनिटांतच खाली येऊ लागला, तर कुठेतरी गळती आहे. पेडल न दाबता काटा स्थिर राहतो आणि दाबून धरल्यावर उतरतो, तर दोष ब्रेक व्हॉल्व्हपासून चाकांपर्यंतच्या भागात शोधावा. टाकी भरायलाच नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर गळतीबरोबर कॉम्प्रेसरही तपासावा.

फेरीनंतर ड्रमजवळ हात नेऊन (स्पर्श न करता) चाकांची तुलना करावी. एकच चाक जास्त तापले असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाही. एकच चाक थंड असेल, तर तिथला ब्रेक लागतच नाही. पावसाळ्यात टाकीत साचलेले पाणी रोज काढावे, नाहीतर व्हॉल्व्ह गंजतात.

क्लच खराब की गिअरबॉक्स?

चढावर इंजिनचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, जळका वास येतो : क्लच घसरतोय. सगळेच गिअर टाकताना खरखर होते : क्लच पूर्ण सुटत नाही. एकाच गिअरला खरखर होते : त्या गिअरचा सिंक्रोनायझर झिजला आहे. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबतो : गिअरबॉक्सचे बेअरिंग तपासावे. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो : रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा. ट्रक हलताना ‘टक्’ असा दणका बसतो : आधी प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट पाहावेत.

हा क्रम पाळला, तर साध्या जॉइंटसाठी गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च वाचतो.

फिटनेस प्रमाणपत्र पुरेसे नाही का?

आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक वाहनाला दोन वर्षांचे आणि त्यापुढे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. पण ते तपासणीच्या दिवसाची स्थिती सांगते. घाटातून रोज ये-जा करणाऱ्या ट्रकचे लायनर वर्ष संपायच्या आत झिजू शकतात. त्यामुळे खरी भिस्त मालकाच्या देखभालीवर आणि चालकाच्या तक्रारीवर असते. ‘गिअर सुटतोय’ असे चालक सांगतो आणि ‘ही फेरी मारून ये’ असे उत्तर मिळते, तेव्हाच अपघाताची तयारी सुरू झालेली असते.

इतर वाहनचालकांनी काय करावे?

उतारावर ट्रकच्या चाकांतून धूर किंवा जळका वास येत असेल, तर त्याच्या पुढे राहू नये. शक्य असेल तर चालकाला सावध करावे. ट्रकचालकाने सुरक्षित जागी थांबून, चाकांना ठोकळे लावून ब्रेक आपोआप थंड होऊ द्यावेत. तापलेल्या ड्रमवर एकदम पाणी ओतल्यास त्याला तडा जाऊ शकतो. अर्ध्या तासाचा हा थांबा चालकाला उशीर वाटेल, पण पुढच्या उतारावर तोच अनेकांचा जीव वाचवू शकतो.