पटाशीचा दात आणि परवडण्याचा हिशेब

तर मंडळी, झालं असं की जुलैमधल्या एका पावसाळी संध्याकाळी ह्यांनी स्टेशनवरून येताना भाजलेली कणसं आणली. लिंबू, तिखट, मीठ चोळलेली. दुसराच घास घेतला आणि कट्कन आवाज झाला. वाटलं, खडा आला. खडा कसला! माझाच वरचा, अगदी पुढचा, पटाशीचा दात होता तो.

दात तसा जुना जखमी. शाळेत लंगडी खेळताना पायरीवर आपटले होते, तेव्हापासून तो काळवंडत गेला. 1994 साली रूट कॅनाल करून वर कॅप बसवली आणि तीस वर्षं मी त्याला विसरून गेले. एक्स-रे काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाई, मूळ उभं चिरलंय. मूळ चांगलं असतं तर आत एक छोटी दांडी बसवून पुन्हा कॅप केली असती, सगळ्यात कमी खर्चात काम झालं असतं. आता मूळच काढावं लागेल."

काढलं. आणि मग सुरू झाला खरा प्रश्न, त्या जागी काय बसवायचं?

प्रत्येकाचं मत तयार होतं. बंगळुरूहून लेकीचा फोन, "आई, इम्प्लांटच कर. पैसे मी भरते." धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आता या वयात कोणाला दाखवायचाय दात? राहू दे तसंच." (भाऊजी, वाचताय ना? तुमची स्वतःची कवळी चांगली वीस हजारांची आहे, हे मी विसरलेले नाही!)

भाऊजींचं म्हणणं मलाही आधी पटलं होतं, खोटं कशाला बोलू? पंचाहत्तरी जवळ आली, पुढचा दात नसला म्हणून जेवण अडत नाही. पण दोन आठवड्यांत माझ्या लक्षात आलं की मी बोलताना पदर तोंडाशी नेते. फोन वाजला की ह्यांना उचलायला सांगते. दर शनिवारी आमच्या सोसायटीतली सहा-सात मुलं मराठी वाचायला येतात, त्यांना मी तीन शनिवार "बरं नाही" म्हणून परत पाठवलं. धडधडीत खोटं! आयुष्यभर वर्गात 'चहा'तला च वेगळा आणि 'चमचा'तला च वेगळा असं घोकून घेतलं. तो चमच्यातला दंततालव्य च दातांच्या फटीतून शिट्टीसारखा सुटायला लागला, 'स' तर विचारूच नका. मुलं हसली असती असं नाही, पण मी आधीच घाबरले होते. म्हणजे हा दात दाखवायचा नव्हता, बोलायचा होता. एवढं कळल्यावर "राहू दे तसंच" हा पर्याय मी यादीतून खोडला.

आता उरलेले. जवळच्या एका दवाखान्यात मला कागदावर दोनच पर्याय लिहून मिळाले, ब्रिज आणि इम्प्लांट. तिसरा, म्हणजे काढता-घालता येणारी एका दाताची छोटी कवळी, मी विचारल्यावर सांगितला गेला. तोही "तात्पुरतं म्हणून ठीक आहे" अशा सुरात. याबद्दल माझी तक्रार आहे. गिऱ्हाइकाला परवडणार नाही असं आपणच ठरवू नये, तसंच स्वस्त वस्तू लपवूही नये. सगळं समोर मांडावं, निवड करू द्यावी.

मला सांगितलेले आकडे असे. कवळी तीन हजार. ब्रिज, साहित्यानुसार पंधरा ते तीस हजार. इम्प्लांट, वरच्या कॅपसकट चाळीस हजार. माझ्या विम्यात दातांचा खर्च बसत नाही, म्हणजे जे काही ते पेन्शनमधूनच.

ब्रिज म्हणजे गेलेल्या दाताच्या दोन्ही शेजाऱ्यांना घासून बारीक करायचं, त्यांवर कॅपा चढवायच्या आणि मधला खोटा दात त्यांना जोडलेला. दिसायला छान, पक्का. चांगला निघाला तर दहा-पंधरा वर्षं टिकतो. पण माझे शेजारचे दोन्ही दात धडधाकट आहेत. एकासाठी दोन निरोगी दात घासायचे, आणि एकदा घासलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही! शेजारच्या दातांना आधीच कॅपा असतील तर गोष्ट वेगळी, मग ब्रिजच शहाणपणाचा.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू. हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवतं हे ब्रेनेमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकाच्या लक्षात आलं सशाच्या हाडावर काम करताना, आणि 1965 साली त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. शेजाऱ्यांना धक्का नाही, हा मोठाच गुण. पण मी हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक गोळी घेते. या प्रकारच्या काही गोळ्यांमुळे क्वचित जबड्याचं हाड नीट भरून येत नाही. धोका कमी असतो, पण दात काढण्याआधी किंवा स्क्रू बसवण्याआधी दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायला हवं. (माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, गोळी घेत असाल तर डेंटिस्टला आपणहून सांगा. आणि आपल्या मनाने गोळी बंद करू नका.)

आणखी एक मधला मार्ग आहे, मेरिलँड ब्रिज. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाचं नाव त्याला मिळालं. यात खोट्या दाताला मागच्या बाजूने पातळ पंख असतो, तो शेजारच्या दाताच्या पाठीला चिकटवतात. घासावं लागतं अगदी थोडं किंवा लागतही नाही. कधीतरी सुटतो, पण पुन्हा चिकटवता येतो. पुढच्या दातासाठी हा पर्याय विचारून घेण्यासारखा आहे. आपण विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता माझं मत. 'परवडतं' म्हणजे फक्त किंमत नव्हे. जे उद्या बदलता येतं ते खरं परवडणारं. कवळी नाही आवडली तर डबीत ठेवता येते. घासलेले दात परत आणता येत नाहीत. आणि दात काढल्यावर हिरडी काही महिने बसत जाते, त्यामुळे पक्कं काम करण्याआधी बऱ्याचदा थांबावंच लागतं. मग त्या काळात कवळी वापरली तर नुकसान काय? या वयात घाई कसली, असं लोक म्हणतात. मी म्हणते, या वयातही उद्या असतोच. तो आज विकू नये.

म्हणून मी कवळी करून घेतली, आणि तीही दंत महाविद्यालयात. मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर, अशी महाविद्यालयं आहेत. खाजगी महाविद्यालयांतही असं काम होतं. विद्यार्थी करतात, शिक्षक तपासतात, पैसे कमी लागतात. वेळ मात्र जास्त. मला पाच खेपा पडल्या. माप घेणाऱ्या मुलीचा हात थोडा थरथरत होता. तिच्या बाईंनी माप पाहिलं आणि म्हणाल्या, "परत घे." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! छत्तीस वर्षं मीही हेच म्हणत आले. कोणीतरी माझ्या तोंडात शिकलं, यात मला कमीपणा वाटला नाही.

कवळीचे त्रास आहेतच. टाळूवर परक्यासारखी बसते, रात्री काढून पाण्यात ठेवावी लागते. धुताना हातातून निसटली तर तुटू नये म्हणून खाली बेसिनमध्ये पाणी भरून ठेवते. पहिला आठवडा आरशासमोर उभी राहून वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. ह्यांनी विचारलं, "बातम्या कोणाला सांगतेस?"

हिरडी बसली की मेरिलँडचं विचारीन. लेकीला सांगितलंय, पैसे ठेव जपून, लागले तर मागेन.

गेल्या शनिवारी मुलं आली. चमचा, चहा, चाक, चिंच, सगळं झालं. कणसाचे दाणे मात्र आता सुरीने काढून खाते.