विषय सुचत नाही म्हणे!

परवा एक पोरगा कवितांची वही घेऊन आला. २७ कविता. त्यात सूर्य १९ वेळा उगवला होता आणि मशाल ११ वेळा पेटली होती. (मोजल्या मी. कारण माझ्या पहिल्या वहीतही हेच होतं.) वही मिटून म्हणाला, "दादा, आता विषयच सुचत नाही. भूक, गावकूस, झोपडपट्टी, सगळं आधीच्यांनी लिहून टाकलं. आपल्याला काय उरलं?"

मी विचारलं, "राहतोस कुठं?"
"चेंबूर साईडला."
"साईडला म्हणजे?"
तो खाली बघायला लागला. "देवनारला. डंपिंगच्या मागं."

लेका, हाच तुझा विषय! त्या 'साईडला' शब्दाच्या पोटात दडून बसलाय.

विषय सुचत नसतो, दोस्तांनो. तो आपण दडवलेला असतो. स्फुरण, प्रतिभा, खिडकीतला चहा ही पोट भरलेल्यांची भाषा. आपण रोज कुठंतरी काहीतरी चोरतो. भाड्याची खोली बघताना आडनाव चोरतो, ऑफिसात आईचं काम चोरतो, पोरीसमोर पत्ता चोरतो. बाबुराव बागुलांनी १९६३ साली पुस्तकाला नावच दिलं, 'जेव्हा मी जात चोरली होती'. साठ वर्षं उलटून गेली. चोरी चालूच आहे, फक्त सफाई आलीय.

कॉलेजात असताना एका लेखन शिबिराला गेलो होतो. तिथले मोठे लेखक म्हणाले, डोळे मिटा, पाऊस आठवा, लिहा. सगळ्यांनी मातीचा वास लिहिला. कांदाभजी लिहिली. मीही भजीच लिहिली! च्यायला, आमच्या घरात पावसात कधी भजी तळली होती? आमचं घर कुर्ल्याला, मिठीच्या काठाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आई पत्र्याची पेटी डोक्यावर धरून रात्रभर छातीएवढ्या पाण्यात उभी होती. ते मला आठवलं नाही असं नाही. डोळे मिटल्या मिटल्या तेच आठवलं. पण मी भजी लिहिली आणि मला टाळ्या पडल्या.

हाच पाऊस १८५५ साली 'ज्ञानोदया'त एका मांगाच्या पोरीनं लिहिला होता. मुक्ताबाई. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, वारापाऊस अंगावर घेत पडून राहतात, हे तिनं निबंधात मांडलं. तिला कुणी शिबिरात विषय दिला नव्हता. घरात होता तो तिनं शाळेतल्या अक्षरात उतरवला, बस्स.

कुणी म्हणेल, म्हणजे दुःखच विकायचं का? गिऱ्हाईक तयारच आहे, खरं आहे. वस्तीचं वर्णन वाचून त्यांना जरा शहारल्यासारखं होतं, मग जेवायला बसतात. म्हणून तर म्हणतो, त्यांना हवं ते लिहू नका. आणि आपल्याला सोयीचं तेही नको. फलटणच्या बेबी कांबळे दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहायच्या. 'जिणं आमुचं' १९८६ ला पुस्तक झालं. त्यात त्यांनी सवर्णांना तर धरलंच, पण आपल्याच घरातला सुनांचा छळही सोडला नाही. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांनी हे लिहिलंय? स्टेजवर मशाल, घरात बायकोच्या पाठीवर वळ. सूर्य उगवला की हे सगळं कवितेत दिसायचंच बंद होतं. सूर्याची ही सोय आहे.

त्या पोराला हे सगळं सांगितलं. तो हुशार. म्हणाला, "दादा, तुम्ही काय दडवलंय?"

बरं, ऐका. ती पेटी. पाणी ओसरल्यावर आईनं तिच्यातली कागदं दोरीवर वाळत घातली. रेशनकार्ड, माझी गुणपत्रिका, माझा जातीचा दाखला. तेवढ्यात शाळेतले दोन मित्र विचारपूस करायला गल्लीत शिरताना दिसले. मी धावलो आणि दाखला तेवढा ओढला. तसाच ओला, शर्टाच्या आत खोचला. ते गेल्यावर काढून बघतो तर घडीवर घडी चिकटलेली, शाई पसरलेली, शिक्का गेलेला. रात्रभर डोक्यावर धरून जे तिनं वाचवलं, ते मी दहा मिनिटांत घालवलं. नवा दाखला काढायला तिचे सहा खाडे झाले.

तिला वाटतं, पाण्यानंच खाल्ला. आजही तेच सांगते सगळ्यांना. तिला वाचता येत नाही. शेजारची पोरगी तिला आपला प्रत्येक अंक वाचून दाखवते. हाही दाखवेल.