अंगणातली मोटार आणि आरटीओची पाटी

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका लोहार कारागिराने भंगारातील सुटे भाग जुळवून चारचाकी गाडी तयार केली आणि डिसेंबर २०२१मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणाऱ्या या गाडीला साठ हजार रुपयांच्या आसपास खर्च आला होता. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी या कल्पकतेचे जाहीर कौतुक केले. पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या तिला रस्त्यावर मनाई होईल, हेही सांगितले. तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२मध्ये ती कारागिराच्या हाती आली. प्रसंगाचा शेवट गोड झाला. प्रश्न मात्र उरलाच. ज्याला असा उदार गुणग्राहक भेटत नाही, त्याने काय करायचे?

आपला कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८नुसार नोंदणीविना वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे उत्पादकाने नमुना वाहन पुण्यातील 'एआरएआय'सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावे लागते. हजारो गाड्या बनवणाऱ्या कारखान्याला हा खर्च झेपतो. अंगणात एकच गाडी बांधणाऱ्याला नाही. जुन्या गाडीत मनाजोगते बदल करण्याची वाटही अरुंद आहे. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये बजावले.

ब्रिटनने वेगळा मार्ग काढला. तेथे १९५७मध्ये आलेली 'लोटस सेव्हन' सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही विकली जाई, कारण घरी जोडलेल्या गाडीवर खरेदी कर लागत नसे. जोडणीच्या सूचना दिल्यास ही सवलत जाण्याची भीती असल्याने गाडी सुटी कशी करावी, याच्या सूचना दिल्या जात आणि ग्राहक त्या उलट्या वाचत, असे सांगतात. १९७३मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही पळवाट बुजली. छंद मात्र टिकला. त्याच वर्षी 'केटरहॅम'ने त्या गाडीचे हक्क घेतले. पुढे १९९८मध्ये तेथे एकेका गाडीच्या स्वतंत्र तपासणीची पद्धत आली आणि २००९पासून तिची जागा अधिक काटेकोर पद्धतीने घेतली. ब्रेक, सुकाणू, आसनपट्टे, दिवे, धूर, आवाज, इतकेच काय पण बाहेर आलेल्या धारदार कडाही तपासल्या जातात. उत्तीर्ण झालेल्या गाडीलाच नोंदणी मिळते.

आपल्याकडे असे काही सुचवताच सुरक्षिततेचा आक्षेप येणार आणि तो गैर नाही. २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. वेल्डिंगचा एक कच्चा सांधा केवळ चालकाचा नव्हे, तर पादचाऱ्याचाही जीव घेऊ शकतो. आणि नोंदणीच नसलेल्या गाडीला विमा कोठून असणार? तेव्हा कौतुकाच्या भरात नियम शिथिल करणे हा उपाय नव्हे.

पण मनाई आणि मोकळीक यांच्यामध्ये तिसरी वाट आहे व ती आपल्याच नियमांत सापडते. पन्नास वर्षांहून जुन्या 'व्हिंटेज' गाड्यांसाठी केंद्राने २०२१मध्ये स्वतंत्र नोंदणी सुरू केली. मात्र त्यांचा वापर प्रदर्शने, रॅली अशा कारणांपुरताच ठेवला. याच धर्तीवर घरी बांधलेल्या गाडीला माफक शुल्कात तपासणी, वेगमर्यादा, ठरावीक रस्ते आणि सक्तीचा विमा या अटींवर परवानगी देता येईल. 'बाजा एसएईइंडिया' स्पर्धेत २००७पासून अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः गाड्या बांधतात आणि तांत्रिक तपासणीनंतरच त्या धावपट्टीवर उतरवतात. तपासणीने कल्पकता मरत नाही, उलट तिला शिस्त लागते, हेच त्यातून दिसते.

कारागिराच्या पाठीवर थाप मारणे सोपे आहे. त्याच्या गाडीत नेमके कोठे चुकले आणि ते कसे सुधारावे, हे सांगणारी खिडकी उघडणे अवघड, पण अधिक उपयोगाचे आहे. आज आरटीओत त्याला मिळते ते केवळ 'नाही' हे उत्तर. निदान 'का नाही' हे कळण्याचा तरी त्याला हक्क असावा.