दाढ थांबली, म्हणजे बरी झाली का?

"आठ दिवस दाढ ठणकली, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, आता बरे आहे." असे सांगणारे नेरूळच्या कोणत्याही चाळीत, सोसायटीत सापडतील. आमचे म्हणणे नेमके इथेच आहे. अशी थांबलेली दाढ बहुधा बरी झालेली नसते, तिची नस मेलेली असते.

दात वरून दगडासारखा दिसला तरी त्याच्या पोटात नस असते, रक्त खेळते. कीड खोल गेली, दाताला तडा गेला किंवा पडून मार बसला की जंतू आत शिरतात. नस सुजते, रात्रीची झोप उडते ती याच वेळी. पुढे नस मरते आणि ठणका थांबतो. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडापर्यंत जातात आणि हाड पोखरत राहतात. कधी हिरडीवर पुटकुळी येते, पू जातो, पुन्हा बसते. पुष्कळदा काहीच कळत नाही, एक्स-रेमध्येच दिसते. जगभरच्या अभ्यासांचा २०२१ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ५२ टक्के प्रौढांच्या किमान एका दाताच्या मुळाशी असा दाह आढळला. रूट कॅनॉल झालेल्या दातांतही तो पुष्कळ होता. काम अर्धवट सोडले किंवा नीट भरले गेले नाही की असे होते.

गोळ्यांनी सूज उतरते. पण मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, मग औषध कुठून पोहोचणार? आतली घाण साफ करायची, नाहीतर दात काढायचा, याशिवाय सुटका नाही. दाढेखाली तंबाखू किंवा मशेरी धरण्याचा उपाय आपल्या आयाबायांत अजून चालतो. त्याने दाढ सुधारत नाही, हिरडी जाते, आणि कर्करोगाचा धोका वेगळाच.

खर्चाची भीती खरी आहे. पण एकट्या नेरूळात डॉ. डी. वाय. पाटील आणि तेरणा अशी दोन दंत महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खाजगी दवाखान्यापेक्षा पैसे साधारणपणे कमी लागतात, खेपा मात्र जास्त. (शिकाऊ म्हणून नाक मुरडू नये, तपासणारे मास्तर मागे उभे असतात.) केसपेपर काढतानाच एकूण खर्च विचारून घ्यावा. कीड वरवरची असेल तर नुसते भरूनही भागते.

गालावर किंवा हनुवटीखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळवेना, असे झाले तर सकाळची वाट पाहू नये. सूज गळ्याकडे उतरली की श्वास कोंडतो. त्याच रात्री मोठे इस्पितळ गाठावे. मधुमेह असलेल्यांनी तर साधी सूजही अंगावर काढू नये.