लेन्स घालूनच झोपता? तुमच्या कॉर्नियाचं काय होतं, वाचा

लखनऊच्या हजरतगंजमध्ये संध्याकाळी फेरफटका मारण्याला लखनऊकर ‘गंजिंग’ म्हणतात. छान कपडे, थोडी खरेदी, मग चाट आणि भरपूर फोटो! अशा वेळी चष्मा घरी राहतो आणि डोळ्यांत सॉफ्ट लेन्स जातात. तुमच्या गावच्या बाजारपेठेतही हेच चित्र असेल. लेन्स घालण्यात चूक काहीच नाही. गडबड होते ती घरी परतल्यावर, दमून आपण लेन्ससकट झोपतो तेव्हा.

का बरं? कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पडदा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरातून. लेन्स नेमकी त्या वाटेत बसते. त्यात डोळे मिटले की हवाही बंद! मग कॉर्नियाला सूज येते आणि सकाळी धूसर दिसतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर कडेने नव्या रक्तवाहिन्या आत शिरू लागतात. सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्समधून ऑक्सिजन जास्त जातो, पण जंतुसंसर्गाचा धोका त्यांनीही टळत नाही.

खरी भीती याच संसर्गाची. लेन्स घालून झोपल्यास तो सहा पटींहून जास्त वाढतो. जखम भरली तरी कॉर्नियावर पांढरा डाग राहू शकतो आणि नजर कायमची अधू होऊ शकते.

एवढं नक्की पाळा:

• लेन्स हाताळण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा.
• लेन्स किंवा डबी नळाच्या पाण्याने धुऊ नका. पाण्यातला अकँथामिबा हा सूक्ष्मजीव कॉर्निया पोखरतो. आंघोळ करताना, पोहतानाही लेन्स नको.
• द्रावण रोज नवं घ्या, डबी दर तीन महिन्यांनी बदला.
• लग्नासाठी मैत्रिणीच्या रंगीत लेन्स मागून घालू नका.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर लगेच लेन्स काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. लेन्स आणि डबी सोबत न्या. मेडिकलमधून मनानेच ड्रॉप्स आणू नका. स्टिरॉइड असलेल्या ड्रॉप्सने संसर्ग आणखी चिघळू शकतो.

आणि हो, पुढच्या वेळी बाहेर पडताना पर्समध्ये लेन्सची डबी, द्रावण आणि चष्मा ठेवा. परतीच्या रिक्षात डुलकी लागण्याआधी हात स्वच्छ करून लेन्स काढता येतील!