माशाच्या रक्ताचा रिपोर्ट

उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे टक्क्यांत गेला की टेंभुर्णीत एक प्रश्न हमखास कानावर येतो, "डॉक्टर, धरणातला मासा खावा की नाही?" पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे शंका रास्तच. पण "चार मासे धरा, रक्त तपासा, सोक्षमोक्ष लावा", असे जे सुचवले जाते ते मला पटत नाही.

मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी तापले की त्याचे अंग तापते, प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा मे महिन्यातील रोहू आणि डिसेंबरमधील रोहू यांच्या रक्ताचे आकडे सारखे येतील कसे? शिवाय जाळ्यात धडपडताना काही मिनिटांतच रक्तातील साखर चढते. ती पाहून माशाला मधुमेह ठरवणाऱ्याचे हसेच होईल!

नर-मादीतील फरक तर याहून मोठा. रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात अंडी घालतात. त्याआधी गाभोळी भरू लागली की मादीचे यकृत अंड्यातील बलकासाठी एक प्रथिन तयार करून रक्तात सोडते. त्याच्याबरोबर कॅल्शियम आणि चरबीही वाहते. म्हणून या दिवसांत मादीच्या रक्तातील कॅल्शियम नराच्या कितीतरी वर जाते. हा आजार नव्हे, विणीची तयारी आहे. चिलापी वर्षातून अनेकदा वितो, तेव्हा त्याचा हिशेब आणखी निराळा.

माणसांतही तेच नाही का? हिमोग्लोबिन 12.5 आले तर बाईला चालते, पुरुषाला रक्तक्षय म्हणतात; गरोदरपणी 11 पर्यंत ठीक.

प्रदूषणाची खूण रक्तात उमटत नाही असे मात्र नाही. सांडपाण्यातील अमोनियापासून पाण्यात नायट्राइट बनते. ते फार वाढले तर माशाचे रक्त लाल न राहता चॉकलेटी होते. पण बारीकसारीक चढउतार ओळखायचे तर निरोगी माशाचे आकडे आधी हाताशी हवेत. ऋतूवार, नर-मादी वेगळे, भिगवणकडील पाण्यातले वेगळे आणि भिंतीजवळचे वेगळे. अशी नोंद काही वर्षे सलग ठेवावी लागेल. एका नमुन्यावरून मासा बदनाम झाला तर भोयांची चूल विझते आणि 'सर्व ठीक' म्हटले तर खाणाऱ्याची फसगत होते.

शिवाय शिसे, पारा असे धातू माशात किती साठले, हे साखर-कॅल्शियमच्या तपासणीत दिसत नाही. त्यासाठी मांस आणि यकृतच तपासावे लागते, आणि खाणाऱ्याच्या दृष्टीने खरी तपासणी तीच.

तोवर मासा घेताना कल्ले उघडून पाहा. ते लालसर हवेत. काठाला मरून तरंगणारा मासा फुकट मिळाला तरी घरी आणू नका.